प्राचीन ख्रिस्ती मंडळी व खोटे संदेष्टे

इ. स. १६५ मध्यें ऑलिंपिया येथील क्रीडामहोत्सव आटोपल्यावर एका रात्रीं, चंद्र वर येण्याच्या सुमारास, पेरेग्रिनस नांवाच्या एका म्हाताऱ्या तत्त्वज्ञानें खड्ड्यांत रचलेली चिता पेटवून सर्व लोकांच्या देखत तींत उडी घेतली. आपण असें करणार हें त्यानें आधींच जाहीर करून ठेविलें होतें, त्यामुळें बघ्यांची गर्दी बरीच होती. आणि त्या गर्दींत लूशियन हा ग्रीक लेखक उभा होता. लूशियनची जीभ फार तिखट. त्यानें पेरेग्रिनसच्या मरणावर एक लहानसें पुस्तक लिहून त्याच्या साऱ्या आयुष्याचीं लक्तरें वेशीवर टांगलीं. ख्रिस्ती लोकांकडे एखाद्या बाहेरच्या माणसानें थोडें निरखून पाहिल्याचे जे अगदीं जुने पुरावे आज उपलब्ध आहेत, त्यांत या पुस्तकाची गणना होते, आणि म्हणूनच आम्हीं लेखाचा आरंभ त्यापासून केला आहे.

लूशियन सांगतो तें असें. बापाचा गळा दाबल्याचा प्रवाद अंगावर आल्यामुळें पेरेग्रिनस देशोधडीला लागला व फिरत फिरत पॅलेस्टाइनांत गेला. तेथें ख्रिस्ती लोकांशीं त्याची गांठ पडली, आणि थोड्याच दिवसांत तो त्यांचा संदेष्टा, त्यांचा पुढारी व त्यांच्या ग्रंथांचा भाष्यकार होऊन बसला. पुढें सरकारनें त्याला तुरुंगांत घातलें, तेव्हां तर त्याचें दैवच उघडलें. पहाटेपासून म्हाताऱ्या विधवा आणि पोरकीं मुलें तुरुंगाच्या दाराशीं येऊन बसत. मंडळींतील वजनदार माणसें पहारेकऱ्यांना लांच देऊन रात्रीं त्याच्याजवळ आंत निजत. तऱ्हेतऱ्हेचें जेवण बाहेरून जाई. आशिया प्रांतांतील शहरांहून मंडळीच्या खर्चानें माणसें त्याच्या मदतीस येत. पैसा तर धो धो आला. हे लोक पक्क्या पुराव्यावांचून विश्वास टाकतात, तेव्हां एखादा चतुर भोंदू त्यांच्यांत शिरला कीं हां हां म्हणतां गबर होतो, असा लूशियनचा शेरा आहे. पुढें कांहीं निषिद्ध पदार्थ खातांना सांपडल्यावरून मंडळीनें पेरेग्रिनसला हांकलून दिलें, आणि स्वारी दुसऱ्या पंथाची कफनी घालून पुढच्या उद्योगाला लागली.

आतां लूशियनच्या साक्षीवर किती विसंबावें हा प्रश्न आहेच. ऑलस गेलियस या रोमन ग्रंथकारानें अथेन्सबाहेर एका झोपडींत राहणारा पेरेग्रिनस स्वतः पाहिला होता, आणि त्याला तो गंभीर व निश्चयी वृत्तीचा पुरुष वाटला. शिवाय लूशियननें स्वतःच एक गोष्ट कबूल केली आहे, ती आम्हांस मोठी गमतीची वाटते. चितेहून परततांना त्यानें वाटेंतल्या भोळ्या लोकांना थाप दिली कीं, ज्वाळांतून एक गिधाड मनुष्यवाणीनें बोलत आकाशांत उडून गेलें. थोड्याच वेळानें एक पांढऱ्या दाढीचा, भारदस्त म्हातारा तेंच गिधाड आपण डोळ्यांनीं पाहिल्याचें शपथेवर सांगूं लागला. म्हणजे फसव्याचें पितळ उघडें पाडावयास निघालेल्या माणसाची स्वतःचीच थाप घटकाभरांत साक्षीपुराव्यानिशीं त्याच्याकडे परत आली. तेव्हां पेरेग्रिनस खरोखर भोंदू होता कीं नव्हता याचा निवाडा देण्याच्या भरीस आम्ही पडत नाहीं. पण ख्रिस्ती मंडळींना अशा माणसांचा उपद्रव होत होता ही गोष्ट निर्विवाद आहे. कारण ती त्यांनीं स्वतःच लिहून ठेविली आहे.

हें लिखाण शेंकडों वर्षें अज्ञातवासांत होतें. १८७३ मध्यें कॉन्स्टँटिनोपल येथील एका मठाच्या ग्रंथालयांत फिलोथेऑस ब्रिएनिऑस या ग्रीक धर्माधिकाऱ्याला १०५६ सालीं नकललेली एक पोथी सांपडली, आणि तींतील ‘डिडाखे’ म्हणजे ‘शिकवण’ हें प्रकरण त्यानें १८८३ मध्यें छापून प्रसिद्ध केलें. ग्रंथ अवघा सोळा लहान अध्यायांचा. पण सामान्यतः इ. स. १०० च्या आगेंमागें रचलेला असावा असें बहुतेक पंडित मानतात. त्यांत बाप्तिस्मा कसा द्यावा, उपास कोणत्या वारीं करावा, प्रभुभोजनाच्या वेळीं काय म्हणावें याबरोबरच दारीं आलेला प्रेषित किंवा संदेष्टा खरा कीं खोटा हें कसें ओळखावें याचेहि नियम दिले आहेत.

हे नियम वाचतांना मोठी मौज वाटते. फिरता प्रेषित आला तर प्रत्यक्ष प्रभु आला असें समजून त्याचें स्वागत करावें. त्यानें एक दिवस राहावें, नड असल्यास दोन दिवस. तिसऱ्या दिवशींहि त्यानें मुक्काम हलविला नाहीं तर तो खोटा. निघतांना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्यावी. त्यानें पैसे मागितले तर तो खोटा. संचार झाला असतां एखाद्यानें पान मांडावयास सांगितलें आणि मग स्वतःच त्यावर बसून जेवला तर तो खोटा. जें शिकवितो तें आचरीत नाहीं तोहि खोटा. मात्र कोणी दुसऱ्या गरजू माणसासाठीं मागितलें, तर त्याला दोष लावूं नये. आपल्याकडे पहिल्या दिवसाच्या पाहुण्याची तिसऱ्या दिवशीं काय किंमत होते हें सांगणारी एक म्हण घरोघर ठाऊक आहे. या दूरदेशींच्या गृहस्थांनींहि नेमका तोच आंकडा धरावा, यांत मनुष्यस्वभावाचें ऐक्य दिसून येतें. साधा ख्रिस्ती वाटसरू आला तर त्याला दोनतीन दिवस पोसावें. कायमचा राहूं म्हणेल तर त्यानें आपला धंदा करून पोट भरावें. धंदा येत नसेल तर मंडळीनें त्याची कांहीं सोय लावावी, पण रिकामटेकडा कोणी राहूं देऊं नये. यालाहि जो कबूल होणार नाहीं, त्याच्यासाठीं ग्रंथकारानें एक नामी शब्द वापरला आहे. त्याचा अर्थ ख्रिस्ताच्या नांवावर दुकान मांडणारा.

वरवर पाहणारास हे व्यवहारी लोकांचे हिशेबी नियम वाटतील. पण त्यांच्या मुळाशीं एक खोल अडचण होती. याच ग्रंथांत असेंहि बजाविलें आहे कीं, संदेष्टा संचारांत बोलत असतां त्याच्या बोलण्याची परीक्षा करूं नये, तें पाप क्षमेच्या पलीकडचें आहे. म्हणजे एकीकडे देवाची वाणी नाकारण्याचें भय, आणि दुसरीकडे देवाच्या नांवानें नागविलें जाण्याचें भय. या दुहेरी पेचांतून त्या साध्या माणसांनीं वाट काढली ती अशी कीं, वाणीची परीक्षा सोडून द्यावी आणि माणसाची करावी. त्याचें पान, त्याची थैली आणि त्याचा मुक्काम एवढ्यावर नजर ठेवावी. शब्दांची नक्कल करतां येते, पण सकाळसंध्याकाळच्या वागण्याची नक्कल करणें अवघड जातें. आमच्या समर्थांनीं दासबोधांत गुरुलक्षणाचा समास लिहितांना भोंदू गुरूची जी हजेरी घेतली आहे, ती ज्यांनीं लहानपणीं पाठ केली असेल त्यांना ही कसोटी परकी वाटणार नाहीं.

या नियमांत आणखी एक गोष्ट आहे, आणि आमच्या मतें तीच सर्वांत महत्त्वाची. परीक्षा आधीं आणि स्वागत मागाहून, असा येथें क्रम नाहीं. अगोदर दार उघडावयाचें, पाहुण्याला प्रभूसारखा मान द्यावयाचा, जेवूं घालावयाचें, आणि मग त्याचें वागणें पाहावयाचें. फसवणुकीचा धोका पत्करूनच ही पारख चालते. फसलेंच तर फार फार दोन दिवसांची भाकर फुकट जाईल, पण परीक्षेच्या हव्यासानें एखादा खरा माणूस दारांतून परत जाऊं नये, असा हिशेब यांत आहे.

ही कसोटी लोभी माणसाला पुरे पडे. पण जो मागत नाहीं, उलट देतो, त्याचें काय? पाँटस प्रांतांतील सिनोप येथील मार्सियन हा जहाजांचा मालक. रोमच्या मंडळींत आला तेव्हां त्यानें दोन लक्ष सेस्टर्सिस एवढी मोठी रक्कम तिला दिली. जुन्या करारांतील सृष्टिकर्ता देव निराळा आणि येशूनें प्रकट केलेला दयाळू पिता निराळा, असें त्याचें मत होतें. इ. स. १४४ च्या सुमारास मंडळीनें त्याला बाहेर काढलें, आणि त्याची सगळी रक्कम परत केली. पैसे परत करण्याचा हा बाणेदारपणा आम्हांस फार आवडतो. मार्सियनचे अनुयायी कडक विरक्त असत, व त्यांच्यांतहि धर्मासाठीं प्राण देणारे निघाले. ‘डिडाखे’च्या गजानें मोजलें तर हा माणूस कोठेंच कमी भरत नाहीं. तेव्हां आचरणाच्या कसोटीखेरीज दुसरी कांहीं कसोटी शोधणें प्राप्त झालें.

ती शोधण्याचें काम ज्यानें केलें त्या आयरेनियसचें चरित्र मनोवेधक आहे. त्याचें बालपण आशियांत गेलें. स्मर्ना येथें वृद्ध पॉलिकार्पचीं प्रवचनें त्यानें पोरवयांत ऐकिलीं होतीं. पुढें तो गॉल देशांत लिऑन येथें गेला. इ. स. १७७ मध्यें तेथील ख्रिस्ती लोकांवर भयंकर संकट कोसळलें. नव्वदी उलटलेला बिशप पोथिनस मार खाऊन तुरुंगांत मेला, अनेक जण श्वापदांच्या तोंडीं दिले गेले. त्या उद्ध्वस्त मंडळीचा आयरेनियस बिशप झाला, आणि सुमारें १८० सालीं त्यानें पाखंडमतांच्या खंडनाचे पांच भाग लिहिले. बाहेरच्या शत्रूचे घाव अजून ओले असतांना हा माणूस आंतल्या शत्रूविरुद्ध लिहावयास बसला; कारण हे लोक आपल्यासारखेच बोलतात आणि मनांत मात्र निराळें धरतात, ही त्याची खरी चिंता होती.

या चिंतेला कारणहि तसेंच होतें. मार्कस नांवाचा एक पंथप्रवर्तक पात्रांतील पांढुरक्या द्रवावर लांबलचक प्रार्थना म्हणे, आणि त्या पात्राचा रंग लालजांभळा होई. लहान पेल्यांतलें मोठ्या पेल्यांत ओतून तो मोठा पेला भरून वाहावयास लावी. बायकांना, विशेषतः जांभळ्या कांठांचीं वस्त्रें ल्यालेल्या श्रीमंत बायकांना, तो ‘तूंहि संदेष्ट्री आहेस, बोल’ अशी भर देई. बिचारीचें काळीज धडधडूं लागे, तोंडांतून कांहीं तरी असंबद्ध निघे, आणि मग ती आपलें सर्वस्व त्याच्या चरणीं वाही. र्‍होन नदीच्या खोऱ्यांत, म्हणजे आयरेनियसच्या दाराशीं, या पंथानें बऱ्याच घरांत शिरकाव केला होता. आशियांत मंडळीच्या एका सेवकानें मार्कसला आपल्या घरीं उतरवून घेतलें. त्याची बायको रूपवान होती, ती त्याच्या नादीं लागून त्याच्याबरोबर निघून गेली. मंडळींतल्या बांधवांनीं पुष्कळ खटपट करून तिला परत आणलें, आणि उरलेला काळ तिनें अश्रू ढाळण्यांत घालविला. आयरेनियसच्या शेंकडों पानांच्या वादविवादांत ही एवढीशी हकीकत मनाला चटका लावते. पाहुण्याला घरांत घेण्याची किंमत दोन दिवसांच्या भाकरीपेक्षां कितीतरी जास्त होऊं शकते, हें त्या सेवकाला विचारावें.

आयरेनियस दोन दृष्टान्त देतो. एखाद्या कुशल कारागिरानें रत्नांचे खडे जडवून राजाचें चित्र केलें असावें. कोणी येऊन तेच खडे उचकटून त्यांचा कोल्हा जुळवावा, आणि खडे अस्सल आहेत म्हणून हाच तो राजा असें अडाण्यांस सांगावें. शास्त्रवचनें घेऊन हे लोक तेंच करतात. दुसरा दृष्टान्त कांचेचा. कांच चतुराईनें घडविली तर ती पाचूला खालीं पाहावयास लावते. जवळ पारखी नसेल तर संपलें. मग पारखी कोण? त्याचें उत्तर असें कीं, जी शिकवण प्रेषितांपासून आजवर सर्व मंडळ्यांत उघड्यावर, सर्वांसमक्ष चालत आली ती खरी. कानांत कुजबुजलेली गुप्तविद्या खोटी. प्रेषितांजवळ कांहीं गूढ ज्ञान असतें तर ज्यांच्या हातीं त्यांनीं मंडळ्या सोंपविल्या त्यांना तें आधीं सांगितलें असतें, ही त्याची कोटी अजूनहि विचारार्ह आहे. चार शुभवर्तमानें, श्रद्धेचें संक्षिप्त सूत्र आणि बिशपांची परंपरा हे तीन खांब त्यानें रोवले, आणि त्यावर पुढची सगळी इमारत उभी राहिली.

पण प्रतिपक्षाची बाजू काय होती? सतराव्या शतकांतहि आणि एकोणिसाव्या शतकांतहि ती मुख्यतः विरोधकांच्या तोंडूनच ऐकावी लागे. १९४५ मध्यें वरच्या ईजिप्तमधील नाग हम्मादी गांवाजवळ कॉप्टिक भाषेंतील तेरा हस्तलिखितांचा ठेवा मिळाला, आणि पन्नासाहून अधिक लेख उजेडांत आले. त्यांचें संपूर्ण इंग्रजी भाषांतर १९७७ मध्यें निघालें. त्यावरून आयरेनियसची परीक्षा करतां येते. त्यानें कागद वाचले नव्हते असें म्हणतां येत नाहीं. ‘योहानाचा गुप्त ग्रंथ’ म्हणून जो आतां मिळाला आहे, त्याच्या पहिल्या भागाशीं आयरेनियसचा सारांश बराच जुळतो. पण सारांश देणें निराळें आणि आशय समजून घेणें निराळें. दैवी तत्त्वांच्या त्यांच्या वंशावळीची चेष्टा करण्यासाठीं त्यानें भोपळा, काकडी आणि खरबूज यांची एक वंशावळ रचली आहे. ती वाचून हंसूं येतें खरें. परंतु नाग हम्मादीच्या लेखांत कोठें कोठें जी व्याकुळता आहे, या जगांत आपण परके आहों ही जी कळ आहे, तिचा मागमूसहि त्या हंशांत लागत नाहीं. मार्कस हा एक. पण त्या गर्दींत प्रत्येक जण मार्कस नव्हता.

याच सुमारास फ्रिजियांत माँटॅनस आणि प्रिस्किला व मॅक्सिमिला या दोन स्त्रियांनीं नवा संदेश सांगावयास सुरुवात केली. त्यांच्यावर लिहितांना अपोलोनियस नांवाच्या ग्रंथकारानें जुनी आचरणाची कसोटीच पुन्हा बाहेर काढली: संदेष्टा केंस रंगवितो काय? फांसे खेळतो काय? व्याजानें पैसे लावतो काय? प्रश्न बिनतोड होते. तरी टर्टुलियनसारखा करडा, बुद्धिमान आणि व्रतस्थ पुरुष अखेर याच पंथांत गेला. मॅक्सिमिलेची तक्रार युसेबियसच्या इतिहासांत जतन झाली आहे. आपल्याला लांडगा म्हणून मेंढरांतून हुसकून लावतात, पण आपण लांडगा नव्हे, अशा आशयाचें ती बोलली. तिचें खरें कीं खोटें हें ठरविण्याचें साधन आम्हांजवळ नाहीं. पण लांडगा म्हटल्या गेलेल्याचा शब्द शत्रूच्या ग्रंथांत कां होईना टिकून राहिला, हें बरें झालें.

येथपर्यंत झगडा शब्दांचा होता; मंडळीच्या हातीं सर्वांत मोठी शिक्षा म्हणजे बहिष्कार. चवथ्या शतकांत बादशहाच ख्रिस्ती झाला आणि सगळेंच पालटलें. स्पेनमधील आव्हिलाचा बिशप प्रिसिलियन हा विद्वान, उपासतापास करणारा, द्रव्याची हांव नसलेला, पण कांहींसा अहंकारी पुरुष होता. हें वर्णन सुल्पिशियस सेव्हेरस याचें आहे, आणि तो प्रिसिलियनच्या बाजूचा नव्हता, म्हणून तें अधिक मोलाचें. इथॅशियस नांवाच्या बिशपानें त्याच्यावर फिर्याद केली. मॅक्सिमस बादशहानें ट्रिअर येथें ३८५ च्या सुमारास जादूटोण्याचा आरोप शाबीत धरून त्याचा, युक्रोशिया नांवाच्या एका विधवेचा व आणखी कांहीं जणांचा शिरच्छेद करविला. पाखंडावरून उद्भवलेल्या खटल्यांत ख्रिस्ती राज्यकर्त्यानें ख्रिस्ती माणसाचा जीव घेण्याचा हा पहिला प्रसंग म्हणून इतिहासांत गाजला आहे. इथॅशियसविषयीं सुल्पिशियस लिहितो कीं, जो कोणी वाचनांत रमे किंवा उपास करी, तो प्रिसिलियनचा साथीदार असा त्याला संशय येऊं लागला. शिपाई पाखंड्यांना चेहऱ्याच्या फिकटपणावरून आणि कपड्यांवरून ओळखतील, अशी भीति भल्या माणसांना वाटूं लागली. ‘डिडाखे’च्या काळीं जीं खऱ्या माणसाचीं लक्षणें, तींच तीनशें वर्षांत संशयिताचीं लक्षणें झालीं. १८८५ मध्यें वुर्झबुर्ग येथें प्रिसिलियनचे, निदान त्याच्या मंडळींतील कोणाचे तरी, अकरा लेख सांपडले. त्यांत जादूटोण्याचा निषेधच आहे.

चेहरा, कपडे आणि जेवण यांवरून श्रद्धा ताडण्याची ही विद्या पुढें कोठवर गेली हें आमच्या वाचकांस दूर जाऊन शोधावयास नको. गोव्यांत १५६० पासून १८१२ पर्यंत, मधलीं १७७४ ते १७७८ हीं वर्षें सोडून, इन्क्विझिशनचें न्यायासन होतें, आणि त्याचा वरवंटा विशेषेंकरून नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांवर फिरला. १७३६ च्या जाहीरनाम्यांत अंगणांत तुळस लावणें, मिठावांचून भात शिजविणें, पुरुषांनीं धोतर व बायकांनीं चोळी घालणें यांना मनाई आहे. प्रियोळकरांनीं १९६१ मध्यें या विषयावर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथांत हें सारें तपशीलवार दिलें आहे. भातांतल्या मिठावरून अंतःकरण तपासणारा न्यायाधीश आणि आलेल्याला आधीं जेवूं घालून मग त्याच्याकडे पाहणारा ‘डिडाखे’चा गृहस्थ, या दोघांचीहि भाषा एकच होती, दोघांनाहि मेंढराच्या वेषांतल्या लांडग्याचेंच भय होतें.

ट्रिअरला परत येऊं. प्रिसिलियनचें रक्त सांडूं नये म्हणून टूर्सच्या मार्टिननें बादशहाजवळ रदबदली केली होती. त्याला बहिष्काराची शिक्षा पुरे, असें त्याचें म्हणणें. मार्टिन हा प्रिसिलियनच्या मतांचा नव्हे. वचन मिळालें, मार्टिन गांव सोडून गेला, आणि मागाहून तें मोडलें. पुढें तो पुन्हा ट्रिअरला आला, तेव्हां स्पेनमध्यें पाखंड्यांच्या शोधार्थ हत्यारबंद अधिकारी धाडण्याचा हुकूम सुटला होता. इथॅशियसच्या पक्षाच्या बिशपांशीं प्रभुभोजनांत सहभागी होण्याचें मार्टिन नाकारीत होता. मिलानचा अँब्रोझहि नाकारीत होता. बादशहानें अट घातली: तूं यांच्याबरोबर बैस, मी अधिकारी परत बोलावतों. मार्टिन एक दिवस बसला. सही करा म्हटलें, ती त्यानें केली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तो परत निघाला. वाटेंत अंडेथाना गांवाजवळ दाट अरण्य लागतें. सोबतचीं माणसें थोडीं पुढें गेलीं, आणि मार्टिन मागें एकटाच बसून आपण केलें तें बरें कीं वाईट याचा मनाशीं कधीं दोष देत, कधीं समर्थन करीत विचार करूं लागला. तेथें देवदूतानें येऊन, तुला पश्चात्ताप होतो हें योग्यच आहे, पण दुसरी वाट नव्हती, असें त्याला सांगितलें, अशी सुल्पिशियसची कथा आहे. त्यानंतर मार्टिन मरेपर्यंत कोणत्याहि बिशप-परिषदेला गेला नाहीं. भूतबाधा झालेल्या माणसाला बरें करावयास पूर्वींपेक्षां वेळ लागला कीं त्याच्या डोळ्यांत पाणी येई, आणि त्या एका दिवसाच्या पंगतीमुळें आपली शक्ति उणावली आहे, असें तो जवळच्या माणसांना सांगे.